आपल्या मारुतीचे ब्रेक



मुरबाड, शहापूरकडच्या कितीतरी घरांत अजून मारुती ८०० आहे. १९८३ च्या डिसेंबरात ही गाडी रस्त्यावर आली आणि २०१४ मध्ये ती बनायची थांबली. म्हणजे सगळ्यात नवी म्हटली तरी दहा वर्षं उलटून गेली. तरी भाजीच्या जाळ्या, पापडाची पोती, बाळंतीण, सगळं तीच कल्याणला पोचवते. आपल्या कल्याणजवळ प्युजो ३०९ बनायची, तिचे सुटे भाग आज शोधत फिरावं लागतं. ८०० चं तसं नाही, ब्रेकचं सामान अजून मिळतं. पण सहज मिळतं म्हणून नकलीही मिळतं.

या गाडीत पुढच्या चाकांना डिस्क असते, मागच्यांना ड्रम. पेडल दाबलं की दोन पॅड फिरत्या डिस्कला चिमट्यासारखे धरतात. जोर लावला की वजन पुढे झुकतं, म्हणून थांबवायचं जास्त काम पुढचेच ब्रेक करतात. माळशेज किंवा कसारा उतरताना त्यांची खरी परीक्षा.

पॅडवरचा घासणारा थर साधारण ३ मिलिमीटर उरला, म्हणजे रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवल्याएवढा, की पॅड बदलायचे. एकाच चाकाचे नाही, पुढच्या दोन्ही चाकांचे. नाहीतर ब्रेक मारताच गाडी एका बाजूला ओढते.

डिस्कवर नख फिरवून पाहा, गाडी थंड असताना. नख खोल चरांत अडकलं, कडेला उंच ओठ झाला असेल, किंवा ब्रेक दाबल्यावर पेडल थरथरत असेल, तर नुसते पॅड बदलून भागत नाही. बहुतेक डिस्कवर कमीत कमी जाडीचा आकडा कोरलेला असतो. मेकॅनिकला माप घ्यायला सांगा. त्याहून जाडी कमी असेल तर डिस्क नवीच, तीही जोडीनं. लेथवर घासून सपाट करता येते, पण घासल्यावरही जाडी त्या आकड्याच्या वर राहायला हवी. माझं विचाराल तर आधीच पातळ झालेली डिस्क लेथवर नेऊ नका. पातळ लोखंड लवकर तापतं आणि घाटात ते महाग पडतं. पावसाळ्यात उभ्या गाडीच्या डिस्कवर तांबूस गंज दिसतो, त्याला मात्र घाबरू नका, चारदोन ब्रेकमध्ये तो निघून जातो.

दुकानात जाताना आरसी बुक आणि जुना पॅड पिशवीत न्या. १९८६ मध्ये या गाडीचा साचाच बदलला, तेव्हा “मारुतीचे द्या” एवढं सांगून चालत नाही. बंद खोका, त्यावरचा पार्ट नंबर, पक्कं बिल. “साहेबांना पाठवा, त्यांना कळेल,” असं कोणी म्हणालं तर जुना पॅड काउंटरवर ठेवायचा आणि त्याच्याशेजारी नवा ठेवायला सांगायचं. आकार आणि भोकं जुळली पाहिजेत. नुसता स्वस्त आहे म्हणून बिननावाचा पॅड मी तरी घेणार नाही.

बसवताना जवळ उभ्या राहा, पण धूळ फुंकून उडवू देऊ नका. जुन्या पॅडमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, ते फुप्फुसात जातं. ओल्या फडक्यानं पुसायचं आणि ते फडकं घरच्या कपड्यांत धुवायचं नाही. नव्या डिस्कवर तेलाचा हात असतो, तो ब्रेक क्लीनरनं काढलाच पाहिजे. ब्रेक ऑइल टाकीच्या झाकणावर लिहिलेलंच घाला. ते हवेतलं पाणी शोषतं, म्हणून दोन वर्षांनी बदला.

काम झाल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल चार-पाच वेळा दाबा. पहिल्यांदा ते थेट खाली जातं, मग कडक होतं. कडक झाल्याशिवाय गिअर टाकायचा नाही! पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर हळू चालवा, गच्चकन ब्रेक मारू नका, आणि ते होईपर्यंत माळशेजची फेरी पुढे ढकला. आठ दिवसांनी चाकाजवळ ऑइल गळतंय का आणि टाकीतली पातळी खाली गेली का, ते एकदा पाहून घ्या.