अद्भुतरम्य प्रेमकथा आणि त्यांचे तरुण वाचक



आपल्या बाईंच्या स्मृतिप्रीत्यर्थ चालणाऱ्या ह्या व्याख्यानमालेत आजवर संतवाङ्मय, होळकरांचा इतिहास, विज्ञान आणि शिक्षण अशा भारदस्त विषयांवर विद्वानांनी विचार मांडले. त्या पंक्तीला बसून मी मात्र व्हॅम्पायर, लांडगामानव, शापित राजपुत्र आणि त्यांच्या प्रेमात पडणाऱ्या सतरा वर्षांच्या मुली ह्यांच्याविषयी बोलणार आहे. इंग्रजीत ज्यांना ‘यंग ॲडल्ट’ म्हणतात, त्या कादंबऱ्यांतील हा एक फार खपणारा प्रकार. साठी उलटल्यावर मी त्या वाचू लागले आणि मला त्या आवडतात, हे आरंभीच सांगून टाकते, म्हणजे पुढचे ऐकताना कोणाचा गैरसमज राहणार नाही. विषय निवडण्यास निमित्तही तसेच आहे. आपल्या ग्रंथालयातून ही पुस्तके काढून टाकावीत, अशी विनंती काही पालकांनी केली आहे आणि तिचा निर्णय व्हायचा आहे. त्यांची काळजी खरी आहे. तिला उत्तरही तितक्याच आस्थेने दिले पाहिजे.

ही पुस्तके माझ्या हाती आली ती भंवरकुआंच्या घरात. श्रोत्यांपैकी जे बरीच वर्षे इंदुराबाहेर आहेत त्यांना सांगायला हवे की खंडवा रोडवरचा, विद्यापीठाच्या तक्षशिला परिसराजवळचा हा भाग आता परीक्षार्थींचे गाव झाला आहे. चौकातून मान वर केली की शिकवणी वर्गांच्या पाट्या दिसतात आणि गल्लीत वळले की वसतिगृहे, डबेवाले, झेरॉक्सची दुकाने. माझ्या वरच्या मजल्यावर बुऱ्हाणपूर, खरगोन, खंडवा अशा ठिकाणांहून आलेल्या मुली राहतात. पहाटे उठायचे, वर्गाला जायचे, डबा खायचा, चाचणी द्यायची, रात्री घरी दूरध्वनीवर गुण सांगायचे. ह्या दिनक्रमातला एकही तास त्यांनी स्वतः ठरवलेला नसतो. खोली सोडताना त्या परीक्षेची पुस्तके रद्दीत देतात, पण कादंबऱ्या माझ्या स्वाधीन करून जातात. काळ्या मुखपृष्ठावर दोन हातांच्या ओंजळीत लाल सफरचंद असलेले एक जाड पुस्तक अशा रीतीने माझ्याकडे आले. त्याची पाने इतकी हाताळलेली होती की पहिल्यांदा मला ते पाठ्यपुस्तकच वाटले.

ते पुस्तक म्हणजे स्टेफनी मायर ह्या अमेरिकन लेखिकेची २००५ साली प्रसिद्ध झालेली ‘ट्वायलाइट’. २००८ पर्यंत तिचे चार भाग झाले. कथा थोडक्यात अशी. बेला नावाची सतरा वर्षांची मुलगी फोर्क्स नावाच्या, सदैव पाऊस पडणाऱ्या गावात वडिलांकडे राहायला येते आणि एडवर्ड नावाच्या वर्गबंधूवर तिचे मन जडते. तोही सतराच वर्षांचा दिसतो, पण १९१८ च्या साथीत मरणपंथाला लागला असताना त्याला व्हॅम्पायर करण्यात आले आणि तेव्हापासून त्याचे वय थांबले आहे. तिच्या रक्ताची त्याला अनावर ओढ आहे आणि ती ओढ तो निग्रहाने आवरतो आहे. सगळी कथा ह्या ताणावर उभी आहे. मुख्य म्हणजे ती सांगते बेला. काय वाटले, कशाची भीती वाटली, कोणता धोका पत्करायचा, हे सर्व ती ‘मी’ म्हणून सांगते. हा ‘मी’ आपण लक्षात ठेवावा, कारण माझे पुढचे सारे म्हणणे त्याच्याभोवती आहे.

अशा वाङ्मयावर पहिला आक्षेप असतो तो असंभाव्यतेचा. मुलांनी वास्तव वाचावे, हे काय भुताखेतांचे प्रेम! हा आक्षेप मराठी कादंबरीइतकाच जुना आहे आणि त्याचे एक उत्तरही तितकेच जुने आहे. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ ची. विधवांच्या दुःखाचे वास्तव घेऊन मराठी कादंबरी जन्मली, आणि लगेच पुढच्या दोन दशकांत ती राजपुत्र, कपटी प्रधान आणि विलक्षण योगायोग ह्यांच्या मागे लागली. १८६१ ची लक्ष्मणशास्त्री हळबे ह्यांची ‘मुक्तामाला’ आणि १८६८ ची नारो सदाशिव रिसबूड ह्यांची ‘मंजुघोषा’ ही त्यांतली ठळक नावे. टीकाकारांनी पुढे ह्या पुस्तकांची पुष्कळ थट्टा केली. पण रिसबुडांनी ‘मंजुघोषे’च्या प्रस्तावनेत आपली अडचण प्रांजळपणे मांडली आहे, ती थट्टेवारी नेण्यासारखी नाही. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की आपल्या लोकांच्या विवाहाच्या रीती आणि इतर काही कारणे ह्यांमुळे आपल्या नित्याच्या आयुष्यात मन वेधून घेईल असे काही घडतच नाही. रोजचेच लिहिले तर त्यात गोडी येत नाही, म्हणून मनोरंजक ग्रंथ लिहायचा तर अद्भुताचाच आश्रय करावा लागतो.

मला हे विधान मराठी समीक्षेतील अत्यंत मोलाचे वाटते. आठव्या-नवव्या वर्षी जिचे लग्न होऊन जाते, त्या मुलीने प्रेमात कधी पडायचे? ज्या समाजात निवडीला वेळच ठेवलेला नाही, तिथे निवडीची गोष्ट लिहायची तर नायिकेला राजवाडा द्यावा लागतो, अरण्य द्यावे लागते, तिला आईबापांपासून दूर न्यावे लागते. अद्भुत ही इथे लेखकाची हौस नव्हती. प्रेमाला उभे राहायला दुसरी जागाच नव्हती.

मग हरिभाऊ आपटे आले. ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ साप्ताहिकात क्रमशः आली आणि तिने ब्राह्मण घरातील मुलीच्या तोंडी ‘मी’ दिला. यमू आपली कहाणी आपण सांगते, आणि ती वाचताना आजही घसा दाटून येतो. परंतु यमूच्या वाट्याला सांगणे आले, निवडणे आले नाही. तिचे लग्न इतरांनी ठरवले, वैधव्यानंतर तिच्या केसांचे काय करायचे तेही इतरांनीच ठरवले. म्हणजे एकोणिसाव्या शतकाने मराठी नायिकेला अद्भुतात प्रेम दिले आणि वास्तवात वाणी दिली. दोन्ही एकत्र मात्र दिली नाहीत. माझ्या वरच्या मजल्यावरच्या मुली ज्या पुस्तकांवर रात्री डोळे शिणवतात, त्यांत ही दोन्ही एका ठिकाणी मिळतात, असे माझे मत आहे.

दुसरा आक्षेप परकेपणाचा. हे पाश्चात्त्य खूळ आहे, आपल्या संस्कृतीत असले काही नाही, असे मोठ्या खात्रीने सांगितले जाते. उषेने स्वप्नात पाहिलेल्या अनिरुद्धाला चित्रलेखेने आकाशमार्गाने तिच्या महालात आणले, हे भागवतात आहे. उर्वशी आणि पुरूरवा ह्यांचा संवाद तर ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात आहे. अप्सरा आणि मर्त्य राजा ह्यांचे प्रेम, त्याची अट, त्या अटीचा भंग आणि विरह! आजच्या प्रकाशकाने ह्या कथेवर कोणता शिक्का मारला असता, ते सांगायला नको.

पण ह्या घराण्याचा खरा मूळपुरुष गुणाढ्य. त्याची कथा आपल्या महाराष्ट्रातली, गोदाकाठच्या प्रतिष्ठानची, म्हणजे पैठणची आहे. कथासरित्सागराच्या आरंभी ती येते. सातवाहन राजाच्या पदरी असलेला हा पंडित राजाला संस्कृत किती काळात शिकवता येईल ह्याची पैज हरला आणि पणाप्रमाणे संस्कृत, प्राकृत आणि देशी ह्या तिन्ही भाषा सोडून रानात गेला. तिथे पिशाचांची भाषा शिकून त्याने सात लक्ष श्लोकांची बृहत्कथा लिहिली, आणि रानात शाई नसल्याने स्वतःच्या रक्ताने लिहिली. राजाने ती नाकारली. भाषा पैशाची, अक्षरे रक्ताची, असले बाड दरबारात कोण ठेवील? तेव्हा गुणाढ्याने अग्निकुंड पेटवले. एकेक पान तो मोठ्याने वाची आणि अग्नीत टाकी. भोवती रानातले पशू चारापाणी सोडून डोळ्यांत अश्रू आणून ऐकत राहिले. इकडे राजाच्या मुदपाकखान्यात येणारे मांस शुष्क होऊ लागले, त्याचा शोध घेता घेता राजा तिथे पोचला, आणि तोवर सहा लक्ष श्लोक जळून गेले होते. वाचले ते एक लक्ष. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने त्या परंपरेतून कथासरित्सागर रचला, तो सूर्यमती राणीच्या मनोरंजनासाठी. ग्रंथालयातून काय काढावे ह्याचा विचार करणाऱ्यांनी ही कथा एकदा अवश्य वाचावी. मी तिच्यावर अधिक भाष्य करीत नाही.

ह्याच ग्रंथात वेताळाच्या पंचवीस कथा आहेत. आपण माळव्यातली माणसे विक्रमाला उज्जैनचा समजतो, आणि ‘चांदोबा’ मासिकात दरमहा झाडावरचे प्रेत खांद्यावर घेणारा राजा पाहून वाढलेल्या माझ्या पिढीला तर तो घरचाच वाटतो. पण सोमदेवाने सांगितलेला राजा त्रिविक्रमसेन आहे आणि तो प्रतिष्ठानचा आहे. म्हणजे वेताळही पैठणहून माळव्यात आला, आपल्या पूर्वजांसारखा! रिचर्ड बर्टन ह्या इंग्रजाने १८७० साली ह्या कथांचे स्वैर रूपांतर केले, तेव्हा शीर्षकात त्याने वेताळाला सरळ ‘व्हॅम्पायर’ म्हटले. शब्द काही तंतोतंत जुळत नाही. आपला वेताळ रक्त पीत नाही, प्रश्न विचारतो, आणि गोव्यात व कोकणात तर तो गावाचे रक्षण करणारा देव आहे.

त्या कथांपैकी मंदारवतीची कथा आपल्याला आठवत असेल. तिला मागणी घालणारे तीन तरुण. कोणा एकाला द्यावी तर बाकीचे दोघे प्राण देतील, म्हणून बाप ती कोणालाच देत नाही. ती ज्वराने मरते. एक तरुण तिच्या चितेच्या राखेवर निजतो, दुसरा अस्थी गंगेला नेतो, तिसरा देशोदेशी भटकून संजीवनी मंत्र मिळवतो. मंत्राने ती उठते आणि तिघे भांडू लागतात. वेताळ विचारतो, ती कोणाची पत्नी? राजा उत्तर देतो : जीव देणारा पिता ठरला, अस्थी नेणारा पुत्र ठरला, राखेवर निजणारा तोच पती. उत्तर चतुर आहे. लहानपणी मलाही ते फार आवडत असे. आता वाचताना दिसते की मंदारवती जिवंत होऊन समोर उभी आहे आणि बाप, तिघे तरुण, राजा, वेताळ ह्यांपैकी एकालाही तिला विचारावेसे वाटत नाही. आजच्या ह्या कादंबऱ्यांचे मला सर्वांत मोठे आकर्षण वाटते ते इथे. सामग्री तीच आहे. मरण, पुनर्जन्म, दोन-तीन प्रेमिक, सगळे तेच. फक्त कथा मंदारवती सांगते आहे.

ह्याचा अर्थ ही पुस्तके निर्दोष आहेत असा नाही. पुष्कळशी एकाच साच्यातून काढलेली असतात. तिसऱ्या प्रकरणापर्यंत शेवट कळतो. ‘ट्वायलाइट’मधील एक गोष्ट तर मला साफ खटकते. बेला झोपलेली असताना एडवर्ड तिला न कळत तिच्या खोलीत येऊन तिच्याकडे पाहत बसतो आणि लेखिका हे प्रेमाचे लक्षण म्हणून रंगवते. हे प्रेमाचे लक्षण नव्हे, पाळत आहे. मी हे वरच्या मजल्यावर बोलून दाखवले, तेव्हा एक मुलगी म्हणाली, “मावशी, असा मुलगा आमच्या क्लासबाहेर रोज उभा असतो. पुस्तकात तो छान वाटतो, रस्त्यावर नाही. आम्हांला फरक कळतो.” दुसरी म्हणाली की तिला तो पुस्तकातही आवडला नव्हता. पुढे त्या दोघींचा जो वाद जुंपला, तो मी आयुष्यभर शिकवलेल्या कोणत्याही वर्गात ऐकला नव्हता. पुस्तक काढून घेतले असते, तर हा वाद झाला नसता. रस्त्यावरचा मुलगा मात्र तिथेच उभा राहिला असता.

मराठीत ह्या वयाला काय आहे, हेही पाहावे. ताम्हनकरांचा गोट्या आहे, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहे. दोघेही आनंदाचे ठेवे, पण दोघेही मुलगे, आणि त्यांच्या जगात प्रेम अजून उगवायचे आहे. पुढे नारायण धारपांच्या भयकथा मिळतात, पण तिथे भीतीचे राज्य आहे. मधल्या सोळा ते वीस ह्या वयाच्या मुलीला स्वतःच्या भाषेत भय, विस्मय आणि प्रेम एकत्र देणारे पुस्तक मी शोधते आहे, तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीही नावे सुचत नाहीत. मग ती इंग्रजीकडे वळली तर दोष तिला कसा द्यावा? ज्यांना मराठी टिकावी असे वाटते, त्यांनी ही उणीव मनावर घ्यायला हवी. आपल्या माजी विद्यार्थ्यांत लिहिणारे बरेच आहेत. गुणाढ्य आपला आहे, वेताळ आपला आहे, चित्रलेखा आपली आहे. सामग्रीची वाण नाही.

ग्रंथालयापुरते माझे म्हणणे असे. हे कपाट हलवू नये. त्याच कपाटात कथासरित्सागराचे मराठी भाषांतर आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ ठेवावे, दोन्हींचा खर्च मी देते. निर्णय करणाऱ्या समितीत पालक आहेत, शिक्षक आहेत, व्यवस्थापनाचे सभासद आहेत, विद्यार्थिनी एकही नाही. नववीपासून बारावीपर्यंतच्या प्रत्येक वर्गातील दोन मुलींना पुढच्या बैठकीला बोलावावे, त्यांच्यासाठी खुर्च्या मांडाव्यात आणि आधी त्यांना बोलू द्यावे.