शिष्यवृत्तीचा प्रस्ताव मांडताना

केंद्र शासनाने २००८ साली आरंभलेल्या 'इन्स्पायर' योजनेत विज्ञानाच्या विद्यार्थ्यास वर्षाला ८०,००० रुपये ठरले. त्यांपैकी २०,००० उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठी. ही दृष्टी मोलाची. निवड मात्र गुणांवर, घरच्या उत्पन्नावर नव्हे. म्हणून शेतमजुराच्या मुलीसाठी उद्योगसमूहांच्या सामाजिक दायित्व निधीकडे प्रस्ताव पाठवताना केवळ शुल्क मांडून भागणार नाही. शुल्कात सवलत बहुधा मिळते. शिक्षण अडते ते खोलीभाडे, खाणावळ आणि एसटीच्या पासापाशी. दुपारी प्रात्यक्षिके चालू असतात, तेव्हा ती कुठेतरी कामावर असते. (प्रयोगवहीची किंमत अंदाजपत्रकात कुणी धरतच नाही!) पहिला हप्ता प्रवेशाबरोबर, जुलैतच हाती पडावा. मार्चमध्ये येणारी रक्कम हिशेबात शोभते. मुलगी तोवर गावी परतलेली असते.