महर्षी विठ्ठल रामजी शिंदे



मराठा ज्ञातीच्या व्यासपीठावरून, ज्ञातीबाहेरच्या लोकांसाठी देह झिजविणाऱ्या पुरुषाचे स्मरण करावे, हे काहींस विसंगत वाटेल. मला तसे वाटत नाही.

विठ्ठल रामजी शिंदे यांचा जन्म २३ एप्रिल १८७३ रोजी जमखंडीस एका वारकरी वळणाच्या मराठा कुटुंबात झाला. १९०१ ते १९०३ या काळात ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात त्यांनी तौलनिक धर्माचा अभ्यास केला. परतल्यावर मानाची नोकरी न शोधता त्यांनी प्रार्थना समाजाचे प्रचारकपद पत्करले आणि १८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत परळ येथे अस्पृश्यांच्या मुलांसाठी शाळा काढून 'डिप्रेस्ड क्लासेस मिशन'चा पाया घातला. भगिनी जनाक्का त्यांच्यासोबत खपल्या. दुरून दया दाखविणे त्यांना मान्य नव्हते. ते सहकुटुंब त्या वस्तीशी एकरूप झाले.

याचे फळ काय मिळाले? स्वजातीयांनी त्यांना बाटलेला मानले. उलटपक्षी, १९२० साली नागपूरच्या बहिष्कृत परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मिशनच्या धोरणाचा निषेध करविला. अस्पृश्यांचे प्रतिनिधी कौन्सिलातील निवडून आलेल्या सभासदांनी नेमावेत, ही मिशनची सूचना त्यांना अमान्य होती. आमचे प्रतिनिधी आम्हीच निवडू, हा त्यांचा आग्रह रास्त होता, असे आज म्हणावे लागते. तरीही शिंदे यांनी प्रश्न सोडला नाही. १९३० साली कायदेभंगात त्यांनी कारावास सोसला आणि १९३३ साली 'भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न' हा संशोधनग्रंथ सिद्ध केला. २ जानेवारी १९४४ रोजी त्यांचे देहावसान झाले.

बंधुभगिनींनो, सेवकाला कृतज्ञतेची अपेक्षा करण्याचा अधिकार नसतो, आणि ज्याची सेवा करावयाची त्याचा शब्द अखेरचा मानावा लागतो, हे दोन धडे या चरित्रातून मिळतात. आपण त्यांच्या तसबिरीस हार घालतो, त्यांना 'आपले' म्हणतो. मग आपल्या शिष्यवृत्त्यांतील निदान एक तरी परजातीच्या गरीब विद्यार्थ्यास का देऊ नये? आपल्या विवाहमेळाव्यात जातीबाहेरच्या सोयरिकीचे नाव निघताच चेहरे का उतरावेत? त्यांना आपले म्हणण्याचा अधिकार या प्रश्नांच्या उत्तरांतूनच मिळवावा लागेल.