मीठ धुणाऱ्या घरातला धर्म



परिषदेच्या स्वागत समितीच्या वतीने आपणा सर्वांचे अहिल्यानगरात मनःपूर्वक स्वागत. साहित्यातून नीतीचे आणि धर्माचे प्रश्न अभ्यासायला याहून योग्य गाव मला सुचत नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रातला बराच संसार याच नगर-राहुरीच्या परिसरात घडला.

त्यांच्या वडिलांचे सोवळे आठवा. बाजारातून आलेले मीठसुद्धा त्या घरात धुऊन घ्यावे लागे! मीठ धुतल्यावर हाती काय उरणार? लक्ष्मीबाई धर्मचर्चा करत नाहीत, त्या फक्त घर दाखवतात. १८९५ साली त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि संसार दुभंगला. लक्ष्मीबाई ख्रिस्ती झाल्या १९०० मध्ये. मधली वर्षे मला या पुस्तकाचा गाभा वाटतात. टिळकांची श्रद्धा खरी होती, लक्ष्मीबाईंचा आक्रोशही तितकाच खरा. आपल्याला सत्य गवसले म्हणून बायको-मुलाला मागे ठेवून पुढे जावे का? वर्गात मुले विचारतातच, ‘सर, चूक कोणाची?’ तिथे शिक्षकाने घाईने निकाल देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. मुलांना पुन्हा पुस्तकाकडे पाठवावे. जातिभेद देवाने केला की माणसाने, याचा विचार करता करता मीठ धुणाऱ्या घरातल्या या लेकीचे सोवळे गळून पडले, आणि तेही बाप्तिस्म्याच्या आधी. हा क्रम मुलांच्या लक्षात आला पाहिजे.

बाबा पदमनजींची १८५७ मधली ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी याच्याशी ताडून पाहा. विधवांचे हाल ती कळवळून मांडते, तिचे ऋण मोठे आहे. पण लेखकाजवळ उत्तर आधीच तयार असल्याने वाचकाला झगडावे लागत नाही. बाबुराव बागुलांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही कथा मात्र वाचकाला सोडत नाही. जात लपवणारा खोटे बोलतो, हे खरे. पण त्या खोट्यावर बोट ठेवण्याचा अधिकार कोणाला?

इथे श्रद्धावंत आहेत, श्रद्धा नसलेलेही आहेत. दोघांनीही आपले म्हणणे न चोरता मांडावे, दुसऱ्याचे पुरते ऐकावे. पुस्तके मात्र उघडी ठेवा, मतभेद झाला की त्या पानावर बोट ठेवून बोला. राहण्या-जेवण्यात काही उणे भासले तर आमच्या कार्यकर्त्यांना हक्काने सांगा.

अध्यक्ष महोदयांनी परिषदेचे उद्घाटन करावे, अशी त्यांना विनंती करतो.