दादा, हे चाक तवा होतं का?

आजचा विषय जरा वेगळा आहे: जुन्या जहाजांची मॉडेल्स. तेही रेणापुरात बसून! ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथला माणूस जहाजं बनवतोय म्हटल्यावर मित्र हसतातच. हसू द्या. आज मी माझी एक चूक सांगणार आहे.

मागं एका शिवजयंतीला मंडळाच्या पोरांनी विचारलं, "आरमाराचं काहीतरी करतोस का?" दिवसा लॅपटॉपवर कोड लिहायचा आणि रात्री लाकूड घासायचं, असं दीड महिना चाललं. नेटवरून एका युरोपियन जहाजाचा प्लॅन उतरवला. वर भगवा लावला. ऑनलाइन मिळणारं पितळी सुकाणूचं चाक बसवलं. पाटी लावली: 'शिवरायांची गुराब'. लोकांनी सेल्फी काढले, स्टेटसला ठेवले. मी एकदम खूश.

तेवढ्यात सातवीतली एक मुलगी मोबाइलचा टॉर्च लावून आत बघत म्हणाली, "दादा, हे चाक तवा होतं का?"

मी म्हणालो, "हो, होतं की."

मला माहीतच नव्हतं. तरी ठोकून दिलं. त्या रात्री शोधलं, तर असं चाक इंग्रजांच्या जहाजांवरसुद्धा १८व्या शतकाच्या सुरुवातीला आलेलं. महाराजांचं निधन १६८० सालचं. म्हणजे मी एका लेकराला चुकीचा इतिहास शिकवला होता, आणि तोही जयंतीच्या दिवशी.

मग खरी गुराब कशी होती? अस्सल जहाज बघायला जावं, तर फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या लढाईत तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळून गेलं. मग आधार उरतो लिहून ठेवलेल्या वर्णनांचा. रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकारानं आंग्र्यांच्या जहाजांबद्दल बरंच लिहिलंय. गुराबेला दोन डोलकाठ्या, फार तर तीन. तीन काठ्यांची गुराब ३०० टनांपर्यंत. लांबीच्या मानानं रुंद, पाण्यात कमी बुडणारी आणि पुढं निमुळती होत गेलेली नाळ. पुढच्या तोफा त्या नाळेवरून समोर मारा करायच्या. गलबत त्याहून लहान, ७० टनांच्या आत, पण ४०-५० वल्ह्यांचं. वारा पडला की गलबतं गुराबांना ओढत न्यायची.

कमी बुडणारी का? आपल्या कोकणातल्या खाड्या उथळ. शत्रूचं मोठं जहाज जिथं रुतेल, तिथं गुराब आत शिरणार. माझ्या मॉडेलचा तळ मात्र चांगला खोल होता!

मग सगळं खोललं. गावातल्या सुतारकाकांकडं गेलो. ते म्हणाले, "आरं, साग कशाला घेतलास? एवढ्याशा वस्तूवर त्याच्या रेषा लई मोठ्या दिसतेत. हळदू बघ." बरोबर होतं. हळदूचा पोत बारीक आणि एकसारखा असतो. पट्ट्या गरम पाण्यात भिजवून वाकवल्या. सुती दोऱ्याला मेण लावून दोरखंड केले. आणि एक सोपी टेस्ट सांगतो: १:५० प्रमाणात साडेपाच फुटांचा माणूस साधारण ३.४ सेंटिमीटरचा होतो. तेवढा पुठ्ठ्याचा माणूस कापून डेकवर उभा करा. माझ्या पहिल्या मॉडेलमध्ये तो दारातूनच जाईना!

तरीही प्रश्न उरलेच. ऑर्मचं वर्णन आंग्र्यांच्या काळातलं, म्हणून पाटी बदलली: 'आंग्र्यांच्या काळातली गुराब'. चाक काढून सुकाणूला आडवा दांडा लावला, पण तो माझा अंदाज आहे. मग मॉडेलशेजारी एक कार्ड ठेवलं. डावीकडं 'आधार आहे', उजवीकडं 'अंदाज आहे'. आपण कोडमध्ये कमेंट लिहितो ना, तसंच.

हा प्रश्न फक्त माझ्यासारख्या हौशी माणसाचा नाही. आपल्या मराठवाड्यातल्या अजिंठ्याच्या चित्रात ५व्या शतकातलं एक जहाज आहे. त्यावरून बांधलेलं 'कौंडिण्य' २१ मे २०२५ रोजी कारवारला नौदलात सामील झालं. फळ्या खिळ्यांनी न ठोकता काथ्याच्या दोरीनं शिवलेल्या. मूळ आराखडा कुठंच नव्हता. चित्रावरून अंदाज बांधले आणि आयआयटी मद्रासमध्ये मॉडेल पाण्यात तपासलं. म्हणजे अंदाज करणं चूक नाही. तो लपवणं चूक.

नवी गुराब त्या मुलीला दाखवली. "त्या दिवशी मी खोटं बोललो होतो," हेही सांगितलं. तिनं कार्ड नीट वाचलं आणि उजव्या बाजूला बोट ठेवून म्हणाली, "दादा, इकडं तर लईच लिहिलंय की!"

हो ना. ती बाजू कमी करायचं काम चालू आहे. तुमच्या घरात, गावात कुणी जुनी मॉडेल्स बनवत असेल तर त्यांना एकदा विचारा, "हे कशावरून?" भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!