पंडिता रमाबाईंची शरणागति

नम्रता म्हणजे कोणाहिपुढें मान तुकविणें आणि शरणागति म्हणजे स्वतःचा विचार सोडून देणें, असा समज पुष्कळ भाविकांच्या मनांत असतो. ख्रिस्ती धर्मांत ह्या दोन्ही गुणांचा महिमा फार, म्हणून तेथें हा समज विशेष घातक ठरतो. पंडिता रमाबाईंचें चरित्र ह्या बाबतींत मोठें बोलकें आहे.

२९ सप्टेंबर १८८३ रोजीं इंग्लंडांतील वाँटेज येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. वय अवघें पंचवीस. पदरीं लहानगी मनोरमा. पतीस जाऊन दीड वर्ष झालेलें. कलकत्त्याच्या पंडितांनीं जिला 'सरस्वती' म्हणून गौरविलें, त्या विदुषीला तेथील मठवासिनी भगिनी धर्मसिद्धांत शिकवूं लागल्या. पण शिष्या प्रश्न विचारी! गुरुस्थानीं असलेल्या सिस्टर जेराल्डिन यांस हा अहंकार वाटला व तसें त्यांनीं पत्रांतून कळविलेंहि. रमाबाईंचें उत्तर तितकेंच स्पष्ट होतें. स्वदेशांतील पुरोहितवर्गाचें जूं मोठ्या कष्टानें मानेवरून उतरविल्यावर तसलेंच दुसरें जूं त्या घेणार नव्हत्या. देवाची आज्ञा त्यांस मान्य होती. पण बिशपाच्या तोंडून निघालेला प्रत्येक शब्द हीच देवाची आज्ञा, हें त्यांस मान्य नव्हतें.

तर मग त्यांच्या ठायीं नम्रता नव्हती काय? जेराल्डिनबाईंचा आक्षेप अगदींच निराधार म्हणतां येत नाहीं. पुढें खुद्द रमाबाईंनींच आपल्या उणिवेची कबुली दिली. मात्र ती उणीव निराळ्या ठिकाणची होती. बाप्तिस्म्यानंतर सुमारें आठ वर्षांनीं त्यांस उमगलें कीं, ख्रिस्ती धर्म गवसला, पण ख्रिस्त गवसला नाहीं. बुद्धीनें पारखून त्यांनीं एक मत स्वीकारलें होतें. जीव कोणाच्या हवालीं केला नव्हता. हें त्यांनीं १९०७ सालीं आपल्या आत्मनिवेदनांत लिहून ठेवलें आहे. देशोदेशीं मान पावलेल्या पंडितेनें आपण रित्या हातांनीं उभ्या आहों असें जगासमोर म्हणणें, ही गोष्ट सोपी नव्हे. बिशपापुढें न वाकलेली मान येथें वाकली. आणि ती कोणी वाकविली नव्हती.

पुढें केडगांवास 'मुक्ति' उभी राहिली. १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतून आणलेल्या शेंकडों निराधार मुली तेथें राहूं लागल्या. १९०५ च्या जानेवारींत रमाबाईंनीं विशेष प्रार्थनेसाठीं हांक दिली, आणि थोड्याच महिन्यांत सुमारें साडेपांचशें जणी रोज दोनदां एकत्र जमूं लागल्या. प्रार्थना आटोपली कीं माग, शेत आणि छापखाना हीं होतींच.

ह्याच काळांत त्यांनीं बायबलाच्या भाषांतराचें काम हातीं घेतलें. त्यासाठीं उतारवयाकडे झुकतांना हिब्रू आणि ग्रीक ह्या भाषा अभ्यासिल्या. प्रचलित भाषांतराची भाषा साध्या बायकांस जड जाते, अशी त्यांची तक्रार होती. बाळपणापासून जिच्या जिव्हेवर संस्कृत नांदलें, तिनें आतां तेच जड शब्द वेंचून बाजूस काढावे आणि दळण दळणाऱ्या बाईला कळेल असा शब्द शोधीत बसावें! वाँटेजच्या मठांत ज्या नम्रतेची अपेक्षा झाली, तिच्याहून ही कितीतरी कठीण. आणि खिळे जुळविणाऱ्या कोण? तर त्यांनीं सांभाळलेल्या मुलीच.

२४ जुलै १९२१ रोजीं मनोरमा वारली. एकुलती एक मुलगी, वय चाळीस. संस्थेचा भार पुढें तिनेंच वाहावा अशी आईची आशा. गेथशेमाने बागेंत ख्रिस्तानें दुःखाचा प्याला टळावा म्हणून आधीं मागणें केलें, आणि मग सर्व पित्याच्या इच्छेवर सोंपविलें. ख्रिस्ती शरणागतींत मागण्यास मनाई नाहीं, रडण्यासहि नाहीं. मनोरमेच्या मागें रमाबाईंस नऊ महिनेहि लाभले नाहींत. ते त्यांनीं भाषांतराचीं मुद्रितें तपासण्यांत घालविले. तें काम हातावेगळें झालें, आणि ५ एप्रिल १९२२ रोजीं केडगांवासच त्यांनीं देह ठेवला.