भारतरत्ने आणि कामाचे तास



भारतरत्नांवर बोलायला व्याख्यानमालेच्या चालकांनी युनियनच्या माणसाला का बोलवावे, असा प्रश्न आपल्यापैकी काहींना पडला असेल. तो आम्हांलाही पडला. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपुरते. पुढचे सगळे वाचन पाळी सुटल्यावर युनियनच्या कचेरीत झाले. २०२४ अखेर ज्यांना हा किताब मिळाला ते ५३ जण. त्यांची चरित्रे एका तासात सांगायला बसलो तर मुलांच्या पाठ्यपुस्तकासारखे व्याख्यान होईल. तेव्हा ही यादी आम्ही आमच्या धंद्याच्या नजरेने वाचणार आहोत.

आम्ही आत्ता 'किताब' म्हणालो, पण कायद्याने तो किताब नव्हे. घटनेच्या अठराव्या कलमाने सरकारी पदव्या बंद केल्या. म्हणून 'भारतरत्न' हा शब्द कोणालाही आपल्या नावापुढे लावता येत नाही. २ जानेवारी १९५४ रोजी हा सन्मान सुरू झाला. त्याच्याबरोबर पैसा मिळत नाही. पिंपळाच्या पानाच्या आकाराचे एक पदक आणि राष्ट्रपतींच्या सहीची सनद मिळते. पहिले मानकरी राजगोपालाचारी, राधाकृष्णन आणि रामन. आपल्या मराठी मुलखाकडे पाहिले तर अण्णासाहेब कर्व्यांना १९५८ साली, म्हणजे वयाच्या शंभरीत हा मान मिळाला. पुढे महामहोपाध्याय काणे, विनोबा, लताबाई, भीमसेन जोशी, सचिन तेंडुलकर. आणि २०१९ साली नानाजी देशमुख, जे आपल्या मराठवाड्यातल्या, हिंगोली जिल्ह्याच्या कडोळीचे. ५३ जणांत स्त्रिया पाच. हा आकडा आम्ही नुसता सांगून पुढे जातो. त्यावर एक वेगळे व्याख्यान ठेवावे, आणि ते एखाद्या बाईने द्यावे.

आता आमच्या धंद्याकडे वळू. या यादीत कामगारांत आयुष्य घालवलेली माणसे शोधली तर दोन नावे चटकन सापडतात. व्ही. व्ही. गिरी यांना १९७५ साली आणि गुलझारीलाल नंदा यांना १९९७ साली हा मान मिळाला. नंदांनी अहमदाबादच्या मजूर महाजनाचे काम पंचवीसएक वर्षे पाहिले. गिरींनी रेल्वे कामगारांची संघटना बांधली. पण दोघांचे एकमत नव्हते. तंटा झाला की तो लवाद आणि न्यायमंडळापुढे न्यावा, ही नंदांची वाट. मालक आणि कामगार यांनी समोरासमोर बसून सोडवावा, कोर्टाची काठी टेकत चालणारी युनियन कधी स्वतःच्या पायांवर उभी राहत नाही, ही गिरींची वाट. आम्ही निःसंशय गिरींच्या बाजूचे आहोत, कारण न्यायमंडळाच्या तारखा मोजता मोजता कामगार निवृत्त झालेले आम्ही पाहिले आहेत. १९५४ साली बँक कर्मचाऱ्यांच्या तंट्यात अपील न्यायमंडळाने दिलेला निर्णय सरकारने बदलला, तेव्हा गिरी केंद्रात मजूरमंत्री होते. त्यांनी मंत्रिपद सोडले. श्रोत्यांत बँकेतली मंडळी असतील, त्यांनी ही गोष्ट घरी मुलांना सांगावी.

पण तिसरे नाव चटकन सापडत नाही, कारण ते दुसऱ्याच खान्यात घातलेले असते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना आपण घटनेचे शिल्पकार म्हणून ओळखतो. जुलै १९४२ ते १९४६ या चार वर्षांत ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरखात्याचे सभासद होते, हे आमच्या सभासदांतल्या निम्म्यांना ठाऊक नसते. त्याआधी, ७ नोव्हेंबर १९३८ रोजी, संपावर बंधने घालणाऱ्या बिलाविरुद्ध मुंबईत एक दिवसाचा संप झाला. त्यात त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि लाल बावट्याचे लोक एकत्र उतरले होते. माणसाला त्याच्या मर्जीविरुद्ध कामाला जुंपणे म्हणजे गुलामी, मग काम नाकारणे हा गुन्हा कसा होईल, हा त्यांचा मुद्दा होता. आज ऐंशीहून अधिक वर्षांनीही तो जुना झालेला नाही.

मजूरखात्यात त्यांनी काय केले? पूर्वी बारमाही कारखान्यात प्रौढ कामगाराला आठवड्याला ५४ तास राबवता येई. १९४६ च्या दुरुस्तीने ते ४८ झाले. सहा दिवस कामाचे धरले तर दिवसाला आठ. ५४ आणि ४८ मधला फरक कागदावर सहा तासांचा दिसतो. ज्याने साच्यापुढे उभे राहून दिवस काढला आहे त्याला विचारा, तो म्हणेल की रोजचा एक तास म्हणजे अंघोळ, जेवण आणि मुलाचा अभ्यास. भरपगारी रजेची तरतूद १९४५ ची. नोकरीसाठी नाव नोंदवायची एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजही त्याच काळातली.

सगळेच काही गोड नव्हते. महायुद्धात कोळसा कमी पडू लागला तेव्हा, १९४३ साली, बायकांना खाणीत भुयारात उतरवण्यावरची बंदी सरकारने उठवली. तिचे समर्थन मजूर सभासद म्हणून बाबासाहेबांनाच करावे लागले. ते स्वतः त्या डिसेंबरात धनबादकडच्या खाणीत उतरून आले होते. बायकांना पुरुषांइतकीच मजुरी, ही अट त्यांनी पुढे केली. १९४६ च्या फेब्रुवारीत बंदी पुन्हा लागू झाली. आम्हांला तो निर्णय पटत नाही. पण सरकारात बसलेल्या माणसाला कशातून वाट काढावी लागते, हे त्यावरून समजते.

यातले काहीही त्या वेळी आपल्या गावापर्यंत आले नाही, हेही सांगितले पाहिजे. औरंगाबाद निजामाच्या मुलखात होते आणि इंग्रजी हिंदुस्थानचे कायदे इथल्या गिरणीला लागू नव्हते. कामाचे तास आले ते संस्थान भारतात सामील झाल्यावर. बाबासाहेब मात्र आधी आले. त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय, जे पुढे मिलिंद महाविद्यालय झाले, जून १९५० मध्ये इथे सुरू झाले. १ सप्टेंबर १९५१ रोजी त्याची कोनशिला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी बसवली. पुढे २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन पंडित नेहरूंनी केले. तिघेही भारतरत्न: नेहरू १९५५, राजेंद्रप्रसाद १९६२. आणि ज्याने जागा पाहिली, इमारती उभ्या केल्या आणि पोरे गोळा केली, त्याला १९९० साली, निधनानंतर चौतिसाव्या वर्षी.

दिल्लीला उशीर झाला असे म्हणून आपण हात झटकू शकत नाही. विद्यापीठाला त्यांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला. त्यावर मराठवाड्यात घरे जळाली, माणसे मेली. नाव लागले १४ जानेवारी १९९४ रोजी. म्हणजे देशाने ज्याला रत्न म्हटले, त्याचे नाव कमानीवर यायला आपल्या गावात आणखी चार वर्षे लागली. ज्या वस्त्या जळाल्या त्यांतली मंडळी पुढे वाळूजच्या आणि चिकलठाण्याच्या कारखान्यांत इतरांच्या शेजारी उभी राहिली. आठ तासांची पाळी सगळ्यांनी घेतली. ती कोणाच्या हातून आली, हे विचारायचे राहून गेले.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८९० साली गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली. त्यांचे नाव या ५३ जणांत नाही. त्यांच्या नावाचे टपाल तिकीट निघाले, तेही २००५ साली. आमची काही तक्रार नाही. रविवार तर ज्याने त्याने घेतलाच आहे.

आजची गोष्ट सांगतो आणि थांबतो. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातली दिवसाची मर्यादा नऊ तासांवरून बारावर नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याचे ४८ तास तसेच आहेत, आणि जादा कामाला कामगाराची लेखी संमती लागेल, असे सांगण्यात येते. कंत्राटी कामगार गेटवर कसल्या कागदांवर सही करतो आणि ते वाचायला त्याला किती वेळ मिळतो, हे आम्ही रोज पाहतो. कोरा कागद पुढे सरकवणारे कंत्राटदारही आम्ही पाहिले आहेत. तेव्हा आपल्या घरात, गल्लीत कोणी कंत्राटावर असेल तर त्याला आमच्याकडे पाठवा. कारखाना कायद्याचे मराठी पुस्तक कचेरीत ठेवले आहे, आणि संध्याकाळी सातनंतर ते वाचून दाखवायला कोणी ना कोणी बसलेले असते.